आधी मोजा, मग मोजा

आमच्या घरी कुणी "मोजे वाळत घातलेत" म्हणालं, तर पाहुण्यांनी पायांकडं बघू नये. पाहुणे बघतातच. मग परसात खुंट्यांना टांगलेल्या तारेच्या लांबलचक नळ्या दिसतात आणि एखादा विचारतो, "मासं धरता काय वो?" मासे नाही, आम्ही केबल धरतो आणि ओढतो. या मोज्यांचं सगळं मी बघते. कुठल्या कामाला कुठला न्यायचा, कुठला धुवायचा, कुठला मोडीत काढायचा, हे मी ठरवते. एका बाईनं हे का ठरवावं, असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी पुढचं वाचावं, आणि वाचूनही तसंच वाटलं तर वाटू द्यावं. माझं त्यावाचून काही अडत नाही.

काम काय ते आधी सांगते. रस्त्याखालून, ओढ्याखालून पाइप टाकलेला असतो. त्यातून विजेची केबल पलीकडं न्यायची असते. परकराच्या नेफ्यातून नाडी ओढतात तसंच. फक्त नाडी मनगटाएवढी जाड आणि नेफा जमिनीखालून पार पलीकडच्या रानात निघणारा. नाडीच्या टोकाला आपण पिन अडकवतो, केबलच्या टोकाला मोजा चढवायचा. मोजा म्हणजे पोलादी तारांची जाळीसारखी विणलेली नळी. एका बाजूचं तोंड उघडं, दुसऱ्या बाजूला तारेचाच फास. त्या फासाला आमची टोळी नेढं म्हणते, सुईला असतं तसं. मोजा केबलवर चढवायचा, शेपटीकडं तारेचे वेढे देऊन बांधायचा, नेढ्यात दोर अडकवायचा आणि पलीकडच्या टोकाला विंचच्या मशीनवर तो दोर गुंडाळत न्यायचा. ओढ बसली की जाळी लांब होते, लांब झाली की बारीक होते आणि केबलला आवळते. जितक्या जोरानं ओढाल तितकी घट्ट धरते.

मला ही वस्तू पहिल्यांदा बघितली तेव्हाच आवडली. माझ्या माहेरी कुणी जरा आवाज चढवला की सगळे सैल पडायचे. इथं एक अशी वस्तू होती की तिच्याशी ताणाताणी केली तर ती आणखीच धरून ठेवते. काढायची असेल तर तिला शेपटीकडून नेढ्याकडं हळूहळू सरकवायचं, म्हणजे जाळी फुगते आणि आपोआप सुटते. आमच्या टोळीतल्या काही गड्यांना हे कधीच पटलं नाही. ते ओढतच बसायचे आणि तारेच्या आईबापाचा उद्धार करायचे.

टोळी माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. मूळचे ते पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. वाडवडिलांची मेंढरं होती, आणि मामांनी पोरवयात लोकर कातली, घोंगड्या विणल्या, दोर वळले. पुढं मेंढरं गेली, मामा विजेच्या कामावर आले आणि इस्लामपूरजवळ आमच्या गावात राहिले. पण हात तेच राहिले. तारेची वीण बघितली की ते हात आपोआप चालायचे. मोज्यातली एखादी तार तुटली की मामा संध्याकाळी अंगणात बसून तिथं दुसरी तार विणायचे, इतक्या सफाईनं की कुठं जोडलंय ते शोधावं लागायचं. फाटलेलं घोंगडं टाकून देणारा धनगर अजून जन्माला यायचाय, आणि मामा मोज्यालाही घोंगड्याचाच न्याय लावायचे. "तुटलं त्ये जोडायचं. टाकायला काय अक्कल लागतीया?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घरात तीन मोजे होते. त्यांना नावं होती: थोरला, मधला आणि धाकटा. घरातल्या भावंडांना असतात तशीच. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तशी मामा या तिघांची पूजा करायचे. पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, नेढ्यात झेंडूचं फूल खोवायचे. थोरला सगळ्यांत जुना. मामांनी टोळी उभी केली तेव्हा घेतलेला. त्याच्या जाळीत हळदीचे पिवळे कण कायमचे बसलेले होते. आता सांगा, इतकी वर्षं पुजलेली वस्तू मोडीत कशी काढायची? देवाचा टाक झिजला म्हणून कुणी भंगारात घालतं का? बाकीच्या जगात मोजा झिजला की बदलतात. आमच्याकडं तो थोरला होत जायचा.

माझा आणि मोज्यांचा संबंध एका फजितीतून जुळला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. टोळी आष्ट्याला कामावर होती आणि मी घरी भाकरी थापत होते. टोळीतल्या एका गड्याचा फोन आला. मागं जेसीबीची घरघर चाललेली. तो ओरडला, "वैनी, मामा म्हनत्यात, थोरला मोजा, मधला मोजा! टेंपो यतूय!" आणि फोन बंद. त्याला म्हणायचं होतं की मोठा मोजा आणि मधला मोजा काढून ठेवा, टेंपोवाला न्यायला येतोय. मी समजले, दोन्ही मोजून ठेवा. पिठाचे हात धुतले, शिवणाचा टेप घेतला आणि शेडमध्ये जाऊन थोरला मोजला, मधला मोजला. लांबी, तोंडाचा घेर, नेढ्याची जाडी. टेंपोवाला दारात आला तेव्हा त्याला सगळी मापं तोंडपाठ सांगितली आणि चहा पाजला. तो बिचारा मापं घोकत आष्ट्याला गेला. मोजे खुंटीलाच राहिले.

तिथं टोळी चराच्या काठावर मोज्यांची वाट बघत बसलेली, आणि हा टेंपोवाला उतरून शाळेत पाढे म्हणावेत तशी मापं म्हणायला लागला. त्या दिवशीचं काम बुडालं आणि मी गाजले. वाळवा तालुक्यात जिथं म्हणून विजेचा खांब आहे तिथं हा विनोद पोचला असावा. कुणीही भेटलं की, "वैनी, आज काय मोजलं?" माझा नवरासुद्धा हसला. तो सहसा हसत नाही, बोलतही नाही, पण त्या दिवशी भाकरीचा घास हातात धरून हसत बसला. मी संतापले. आणि संतापात ती मापं पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की थोरल्याचं माप चुकतंय.

थोरल्याच्या गळ्यात पितळी बिल्ला होता. केवढ्या जाडीच्या केबलला हा चालतो, ते त्यावर कोरलेलं. मी घेतलेलं माप त्याच्याशी जुळेना. वर्षानुवर्षं ओढून ओढून थोरला लांबला होता, त्याची जाळी सैलावली होती. मोजा केबलच्या जाडीचाच पाहिजे. मोठा घेतला तर सरकतो. लहान घेतला तर पुरता चढत नाही, मग अर्ध्याच जाळीवर सगळी ओढ येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे जो तो सांगतो, पण पाय पाहून मोजा घ्यावा हे आमच्या टोळीत कुणाच्या गावी नव्हतं. मामा केबलला अंगठा आणि तर्जनीचा विळखा घालायचे आणि म्हणायचे, "मधला आना." मी मापाचं सांगायला गेले तर म्हणाले, "हाताला कळतंय, पोरी."

मी वाद घातला नाही. घरात रंगाचा डबा पडला होता तो घेतला आणि शेडच्या दारावर ब्रशनं लिहिलं: आधी मोजा, मग मोजा. ज्यांना हसायचं त्यांनी येता-जाता हसावं, म्हणून अक्षरं चांगली मोठी काढली. टोळी महिनाभर हसली. मग हळूहळू असं झालं की केबलचा नवा ड्रम आला की एखादा गडी स्वतःच म्हणायचा, "आधी मोजा, मग मोजा," आणि टेप मागायचा. हसण्याची सवय गेली, मोजण्याची राहिली. मामा मात्र त्या दारातून आत जाताना दुसरीकडं बघायचे.

त्यानंतर मोजे धुवायचं काम मी कुणाला न विचारता माझ्याकडं घेतलं. टोळी कामावरून आली की मोजे चिखलासकट टेंपोत भिरकावलेले असायचे, वर रोलर, त्यावर पहारी. मी ते बंद केलं. काळ्या रानातला चिखल जाळीत वाळला की तारा एकमेकींवर घासतात. केबल सरकावी म्हणून पाइपात ओततात तो साबण तसाच राहिला की गंज धरतो. म्हणून कोमट पाण्यात भांड्याच्या ब्रशनं घासायचं, सावलीत टांगून वाळवायचं, वरून तेलाची चिंधी फिरवायची. आत तेल अजिबात लावायचं नाही, नाहीतर मोजा पुढच्या खेपेला केबलवरून सटकेल. आणि शेवटी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन सबंध मोज्यावरून हलक्या हातानं ओढायचा. कुठं धागा अडकला की समजायचं तिथं तार तुटलीय. एक तार तुटलेली असेल तर शेजारच्या तारा तिचा भार उचलत असतात, आणि त्यांनाही फार दिवस पेलवत नाही. मामा हे सगळं बाजेवरून बघायचे. म्हणायचे, "सासूचं लुगडं फाडून मोजं पुसतीया. लय शाणी."

सासूबाईंना लुगड्याचं काही वाटलं नव्हतं. मामांनाच वाटलं.

आता शिराळ्याकडची गोष्ट. तिथं नदीवरून पाणी उपसून डोंगरावरच्या रानाला द्यायचं काम चाललं होतं. खाली पंपघर, वर रस्त्याला वीज. खालून वर उतारावर पाइप पुरलेला, त्यातून जाड, पोलादी पट्टीचं आवरण असलेली वजनदार केबल वर ओढायची होती. मधे पाइपाला वळण होतं. वळणावर खड्डा उघडा ठेवलेला, त्यात रोलर बसवलेला, आणि त्या खड्ड्यात एक माणूस उभा करावा लागायचा. केबल रोलरवर नीट बसतीय का ते बघायला आणि साबण लावायला. आमच्या टोळीत तिथं उभा राहणारा माणूस म्हणजे माझा नवरा.

नागपंचमी तोंडावर आली होती. पंचमीला शिराळ्याच्या बाजूचे रस्ते माणसांनी भरून जातात, आणि आमचा चर रस्ता आडवा कापून गेला होता. पंचमीच्या आत तो बुजवून द्यायचं गावाला कबूल केलेलं. ठेकेदाराचा माणूस सकाळपासून घड्याळ बघत फिरत होता. पाऊस रिपरिप पडत होता. मी केबलची जाडी आधीच मोजून सांगलीच्या दुकानात नवा मोजा सांगून ठेवला होता. तो आला नव्हता. मधला त्या केबलवर चढत नव्हता. उरला थोरला.

मामा म्हणाले, "चढवा थोरला."

मोजे घेऊन मीही कामावर आले होते, केबलच्या ड्रमजवळ उभी होते. म्हटलं, एकदा चिंधी फिरवते. नेढ्याच्या खाली, मानेपाशी, मामांनी तांब्याच्या तारेचं बांधण घातलं होतं. दागिन्यासारखं सुबक. चिंधी तिथं अडकली. मी नखानं बांधण उकललं. खाली गंजून तुटलेल्या तारांचा पुंजका ताठ उभा होता. घोंगड्याची वीण कुठंही जोडली तरी चालते. पण मोज्याच्या मानेवर सगळ्या केबलचं वजन असतं, तिथं जोड धरत नाही. मामांनी ते बांधण तुटलेलं झाकायला घातलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी ते बरं केलंय.

"मामा, ह्यो वापरायचा न्हाई," मी म्हणाले.

"गेल्या साली बी असाच हुता. वढला का न्हाई?"

"वढला आसंल. आज न्हाई वढायचा. मोजा वळणातनं जाताना मान तुटली, तर दोर कुठं जाईल?"

हे सांगायची गरज नव्हती, तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ताणलेला दोर सुटला की जिकडं मोकळीक सापडेल तिकडं उसळतो. पाइपात मोकळीक नसते. ती फक्त वळणावरच्या खड्ड्यात असते, आणि खड्ड्यात माझा नवरा असतो.

मामा म्हणाले, "तू धुयाचं काम कर. वढायचं आमी बघतो."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो खड्ड्यात उतरायच्या बेतात होता, साबणाची बादली हातात. बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बघू की." आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कळतं. बापाला तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं, हेही कळतं. पण त्या क्षणी मला मामांपेक्षा त्याचाच राग आला. जीव त्याचा, आणि "बघू की" म्हणतोय! गड्यांनी थोरला केबलवर चढवायला घेतला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "चला, चला, बायामाणसांच्या नादाला लागू नका."

टेंपोत लांब दांड्यांचा कटर होता, तारा तोडायचा. मी तो आणला. कुणाला वाटलं शेपटीच्या बांधणाची तार कापायला आणलाय. मी थोरल्याचं नेढं मानेपाशी कटरच्या जबड्यात धरलं आणि दोन्ही दांड्यांवर अंगाचा सगळा भार टाकला. पहिल्यांदा नाही तुटलं. दुसऱ्यांदा तुटलं. नेढं चिखलात पडलं.

नुसता पाऊस वाजत होता. पलीकडं वर विंचवर इस्लामपूरचे चाचा असायचे, टोळीतले सर्वांत जुने, मामांच्या बरोबरीचे. त्यांना खालचं काही दिसत नव्हतं. कुणीतरी वर जाऊन सांगितलं. मशीनचा आवाज बंद झाला आणि चाचांचं ओरडणं ऐकू आलं, "मंग च्या तरी सांगा रं कुनीतरी!"

मामांनी खाली वाकून नेढं उचललं. चिखल अंगठ्यानं पुसला. बंडीच्या खिशात घातलं आणि उतार चढून रस्त्याकडं निघून गेले. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या. ते काहीच बोलले नाहीत, ते मला झोंबलं. मला रडू आलं. कापलं त्याचं वाईट वाटलं नाही, मामा पाठमोरे इतके म्हातारे दिसले म्हणून आलं. पण आज पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कापीन, आणि पहिल्या खेपेतच तुटावं म्हणून कटरला आधी धार लावून नेईन.

नवरा तसाच सांगलीला गाडीवर गेला, दुकानदाराच्या दारात ठाण मांडून बसला आणि नवा मोजा घेऊन दुसऱ्या दिवशी आला. केबल ओढली, चर बुजवला, तोवर पंचमीची गर्दी सुरू झाली होती आणि गावानं आम्हाला यथेच्छ बोलून घेतलं. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं की पुढच्या कामाला ती बाई आणायची नाही. पुढच्या कामाला मी सगळ्यांच्या आधी टेंपोत जाऊन बसले. नाकापेक्षा मोती जड झालाय, असं गावात कोण कोण म्हणालं ते माझ्या कानावर आलं. येऊ दे. मोती काही आपणहून नाकात येऊन बसला नव्हता. तुम्हीच वाजतगाजत आणलात.

लोक अजून मला विचारतात, "पर तुटला आसता का खरंच?" मला काय ठाऊक? कदाचित तुटला नसता. कदाचित थोरल्यानं तीही केबल वर चढवली असती आणि मामांनी मिशीला पीळ दिला असता. पुरावा कुठंय, असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगते. पुरावा मिळाला असता तर तो मला माझ्या नवऱ्याच्या तोंडावर बघावा लागला असता. मला तो नको. मी पुराव्याशिवाय बरोबर आहे.

मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण घरात बोलल्यावाचून चालत नाही, म्हणून ते म्हशीशी बोलायला लागले. गोठ्यात उभं राहून, मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आज कालवनात मीठ लय पडलंय गं." "कुनीतरी दार लावून घ्या म्हनावं, मांजर शिरंल." म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची. मीही हटले नाही. मी पण म्हशीलाच उत्तर द्यायची. "मीठ ज्याला लय वाटतंय त्यानं ताक प्यावं." नवरा मधे बसून जेवायचा. आमच्या म्हशीला त्या दिवसांत जेवढा मान होता तेवढा घरात कुणाला नव्हता.

थोरल्याचं धड मी टाकलं नाही. पुन्हा कुणाला मोह होऊ नये म्हणून त्याची जाळी उभी चिरली आणि परसात दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून बांधली. वेल चांगला चढला. मामा एकदा त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिलेले मी खिडकीतून बघितले. काय मनात होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग खंडेनवमी आली. मला वाटलं होतं, यंदा मामा पूजा करणार नाहीत. सकाळी शेडमध्ये गेले तर पाट मांडलेला. मधला, धाकटा, सांगलीचा नवा. दोर आणि मोज्याच्या मधे लावतात ती भिंगरी, दोराला पीळ पडला तरी केबलला पडू नये म्हणून असते ती. रोलर. आणि सगळ्यांच्या मधोमध थोरल्याचं कापलेलं नेढं, त्यात झेंडू. मामा पाटापुढं बसले होते. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, उठले, टेंपोतून कटर घेऊन आले आणि पाटाच्या कडेला ठेवला. त्याच्या जबड्याला हळद लावली, कुंकू लावलं.

"ह्येची पूजा ऱ्हायलीच हुती की इतकी वर्सं," ते म्हणाले. शेडमध्ये म्हैस नव्हती. माझ्याशीच बोलत होते.

मी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. कटरला की त्यांना, मला सांगता येणार नाही. मग ते उठता उठता म्हणाले, "आनि आईक. मला कवा थांबवायचं आसंल, तवा म्हशीला सांगू नगं. मला सांग. त्वांडावर."

"सांगीन," मी म्हणाले. तेव्हा सोपं वाटलं.

आता पुढची गोष्ट, यंदाच्या उन्हाळ्यातली. आष्ट्याच्या अलीकडं काम होतं, लांब ओढ, दोन वळणं. मामांचा हात आता थरथरतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं त्यांना हवं तेवढंच येतं. नवऱ्याला ताप होता म्हणून तो घरी. मी केबल मोजली, मोजा निवडला, चिंधी फिरवली, चढवला, शेपटी बांधली. मान वर करून बघते तर मामा पहिल्या वळणाच्या खड्ड्यात उतरलेले. धोतर खोचलेलं, साबणाची बादली पायाशी, हात रोलरवर.

मी खड्ड्याच्या काठाशी गेले. टोळी बघत होती. आता सोपं वाटेना. ज्या हातांकडं बघून मला मोज्याची वीण कळली त्या हातांना मी काय सांगणार होते? पण मोज्याला एक न्याय आणि माणसाला दुसरा, असं करता येत नाही. केलं तर शिराळ्याला मी थोरल्याशी जे केलं ते नुसतं माजोरेपण ठरलं असतं.

"मामा, वर या. तुमी हितं हुबं ऱ्हायचं न्हाई."

"का?"

"हात थरथरतोय तुमचा. हाक मारली तर आईकू येत न्हाई. दोर सुटला तर तुमाला हलता यायचं न्हाई."

सगळ्यांसमोर, त्वांडावर. त्यांनी मागितलं होतं तसंच. मामांचा चेहरा लाल झाला. रोलरवरचा हात त्यांनी आणखी घट्ट केला आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "असं? मंग आन कटर."

मी कटर आणला नाही. खड्ड्याच्या काठावरून हललेही नाही. मी पण त्यांच्याकडं तशीच बघत राहिले. ऊन चढत होतं. कुणी गडी मधे पडला नाही.

विंचवरून चाचांची हाक आली, "वढू का रं, गड्या?" इतकी वर्षं ही हाक मामांनाच असायची, आणि "वढ!" म्हणायचं तेही मामांनीच. त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग साबणाची बादली उचलून माझ्या हातात दिली, काठाला हात टेकून स्वतःच वर आले, आणि विंचच्या दिशेला तोंड करून अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले,

"मला काय इचारतोस? तिला इचार!"